‘पूर्वीचं गाणं राहिलं नाही’ या वाक्याचं संशोधनात काय करायचं?

एखाद्या बँडनं तिसऱ्या-चौथ्या अल्बमला आपला बाज बदलला की चाहत्यांचे दोन तट पडतात. जुने म्हणतात, हे आता ते राहिले नाहीत. नवे म्हणतात, आम्ही तर आत्ताच ऐकायला लागलो. हे आपल्याला आजचं वाटतं, पण महाराष्ट्रात हे भांडण किमान सव्वाशे वर्षं जुनं आहे. आपल्याकडे त्या काळी बँडच्या जागी नाटक मंडळी होती. मालक, गायक, साथीदार, ठरलेला ‘साऊंड’, गावोगावचे दौरे, गाण्यांच्या छापील पुस्तिका, आणि पुढे रेकॉर्डसुद्धा. सगळं होतं.

पीएचडीच्या तयारीत असलेल्या काही जणांनी विचारलं होतं की लोकांच्या ‘आवडीचा’ इतिहास लिहिता येतो का, की ते नुसतं आठवणी रंगवणं होतं. त्यासाठी किर्लोस्कर मंडळी आणि तिच्यातून फुटून निघालेली गंधर्व मंडळी ही चांगली केस आहे. शिवाय यात वऱ्हाडचा धागा आहे, जो पुण्या-मुंबईतल्या पुस्तकांत बऱ्याचदा तळटीपेत जातो.

आधी ठळक घटना बघू. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगमंचावर आणले. त्याआधी विष्णुदास भावे यांच्या परंपरेत (1843, सांगली) गाण्याचा बहुतेक भार सूत्रधारावर असे. किर्लोस्करांनी पात्रांनाच गायला लावलं. चाली कुठून आणल्या? साकी, दिंडी, ओवी, लावणी, कीर्तनातली पदं, बायकांची गाणी, कानडी चाली, आणि रागदारीही. दोन वर्षांनी, 1882 मध्ये ‘सौभद्र’ आलं. 1885 मध्ये अण्णासाहेब वारले. मंडळी मात्र चालू राहिली आणि तिचा मुख्य आवाज होता भाऊराव कोल्हटकर, म्हणजे लोकांचा ‘भावड्या’.

याच मंडळीनं 1896 साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं ‘वीरतनय’ केलं. (भाऊराव आणि श्रीपाद कृष्ण ही दोन वेगळी माणसं. नोट्समध्ये नुसतं ‘कोल्हटकर’ लिहून ठेवलं की सहा महिन्यांनी आपणच गोंधळतो.) श्रीपाद कृष्णांचा जन्म 1871 चा, नागपूरचा. शाळा अकोल्यात, कॉलेज पुण्यात, नंतर वकिली खामगाव आणि जळगाव जामोदला. म्हणजे माणूस आपल्या भागातला. त्यांनी ‘वीरतनय’साठी पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या चाली उचलल्या. ठेका उडता, वळणं नवी, ओळींची लांबी वेगळी. आणि इथे तक्रार सुरू झाली: किर्लोस्करी संगीताचा गोडवा गेला, हे परकं गाणं आपल्या नाटकात कशाला? दुसरीकडे तरुण पोरांना हेच आवडलं.

पुढचे टप्पे मी भरभर सांगते. 1901 मध्ये भाऊराव वारले. 1905 मध्ये नारायण राजहंस, म्हणजे बालगंधर्व, किर्लोस्कर मंडळीत आले. 1911 च्या मार्चमध्ये खाडिलकरांचं ‘मानापमान’ आलं, चाली गोविंदराव टेंबे यांच्या, त्यातल्या बऱ्याच उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांवर बेतलेल्या. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’, संगीत भास्करबुवा बखले यांचं, अस्सल ख्यालगायकीच्या वळणाचं. 1933 मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’ आलं. ते वेगळ्या संस्थेचं, नाट्यमन्वंतरचं. त्यात मोजकीच गाणी होती, केशवराव भोळ्यांनी भावगीताच्या अंगानं बांधलेली. तोवर बोलपट आला होता आणि कंपन्यांची घडी विस्कटत होती.

पाठ्यपुस्तकात हे सगळं सरळ रेषेत मांडलेलं असतं: साधं किर्लोस्करी संगीत, मग कोल्हटकरांचं चटकदार, मग टेंब्यांचं ठुमरीचं, मग बखलेबुवांचं रागदारीचं. प्रत्येक वळणावर ‘जुने रसिक नाराज, नवे खूश’ असं एक वाक्य. सिनॉप्सिसमध्ये हे छान दिसतं. पण पुरावे मांडून बसलं की ही रेषा टिकत नाही.

तारखाच पाहा ना. ‘वीरतनय’ 1896 चं. पण ‘जुन्या’ वळणाचं सर्वांत लाडकं नाटक, देवलांचं ‘शारदा’, आलं 1899 मध्ये! म्हणजे ‘नवं’ आधी आणि ‘जुनं’ नंतर, आणि दोन्ही एकाच मंडळीचं. 1916 मध्येही तेच. त्या एका वर्षात गंधर्व मंडळीनं ‘स्वयंवर’ केलं आणि देवलांचं ‘संशयकल्लोळ’ही केलं, जे साधेपणात पुन्हा किर्लोस्करांच्या घराण्यातलं. त्यानंतर 1919 च्या ‘एकच प्याला’त मंडळी परत हलक्या, भावपूर्ण चालींकडे गेली, तिथे बालगंधर्वांना सुंदराबाई जाधव यांच्याकडून चाली मिळाल्या. एका आठवड्याच्या मुक्कामात ही मंडळी ‘सौभद्र’ही करायची आणि ‘स्वयंवर’ही. जुन्या चाहत्याला त्याचं गाणं मिळत होतंच की. मग तो नाराज नेमका कशावर होता?

माझ्या मते या विषयातला खरा संशोधन-प्रश्न हा आहे. ‘शैली बदलली म्हणून श्रोते दुभंगले’ हे गृहीत धरू नका. शैली बदलली, हे आधी मोजून दाखवा. श्रोते दुभंगले, हे स्वतंत्रपणे दाखवा. मगच एकाचा दुसऱ्याशी संबंध लावा.

शैली मोजायची कशी? इथे आपलं नशीब फार चांगलं आहे. त्या काळच्या छापील संगीत नाटकात जवळजवळ प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचा पहिला शब्दसमूह दिलेला असतो, कित्येकदा राग आणि तालही. आपण वाचताना ते ओलांडून जातो. तसं करू नका. एक साधी एक्सेल शीट घ्या. नाटक, वर्ष, अंक, पात्र, पद, चाल असे रकाने करा. मग चालीचं मूळ शोधा: कीर्तन-ओवी-लावणी, कानडी, पारशी-गुजराती रंगभूमी, हिंदुस्थानी चीज, की आधीचंच एखादं मराठी नाट्यपद? ‘शाकुंतल’मध्येच दोनशेच्या आसपास पदं आहेत, म्हणजे महिनाभराचं काम एकाच नाटकात. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ‘किर्लोस्करी संगीत म्हणजे शुद्ध मराठी मातीतलं’ यासारखं विधान इथेच तपासता येतं. मुळात संगीत नाटकाची कल्पना किर्लोस्करांना सुचली ती पुण्यात एका पारशी कंपनीचा खेळ पाहून, असं त्यांच्या चरित्रपर लेखनात येतं. म्हणजे 1896 मध्ये जे ‘परकं’ म्हणून हिणवलं गेलं, त्याच्याशी 1880 च्या ‘आपल्या’चीही ओळख होतीच.

‘चाल’ या नोंदीचा आणखी एक उपयोग आहे. एखादं पद पुढच्या नाटकांत, कीर्तनकारांच्या आख्यानांत, जलशांत ‘चाल’ म्हणून यायला लागलं, तर ते लोकांच्या तोंडी बसलं होतं असं समजायला हरकत नाही. चाल सांगायची म्हणजे वाचणाऱ्याला ती येते हे धरूनच सांगायची. पुण्यातल्या चार समीक्षकांना एखादं गाणं आवडलं नाही, पण पुढच्या दहा वर्षांत त्याची चाल पंचवीस ठिकाणी सापडली, तर ‘श्रोत्यांनी नाकारलं’ हे वाक्य तुम्हाला खोडावं लागेल. (पंचवीस हा आकडा उदाहरणापुरता, तो थिसिसमध्ये टाकू नका!)

आता श्रोते. इथे घसरण जास्त आहे.

जुन्या श्रोत्यांबद्दल आपल्याला जे कळतं ते मुख्यतः आत्मचरित्रांतून आणि आठवणींतून. टेंब्यांचं ‘माझा संगीत-व्यासंग’ 1939 चं, बोडसांचं ‘माझी भूमिका’ 1940 चं. ही दोन्ही पुस्तकं वाचल्याशिवाय या विषयाला हात घालू नये, इतकी भरलेली आहेत. पण ती लिहिली गेली तेव्हा कंपन्यांचा काळ संपत आला होता. बोलपटाच्या पडझडीत उभं राहून माणूस तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या रात्रीकडे बघतोय. त्या नजरेतून 1905 चं गाणं सोन्याचं दिसणारच. शिवाय टेंबे आणि बोडस हे दोघेही गंधर्व मंडळीचे संस्थापक भागीदार, आणि दोघेही पुढे तिच्यातून बाहेर पडले. मंडळीच्या गाण्याबद्दलचं त्यांचं मत आणि मंडळीबद्दलचं मत, हे वेगळं करून वाचायला लागतं. मालकीहक्काचा असाच प्रश्न शंकर बापूजी मुजुमदारांच्या बाबतीत येतो. त्यांनी अण्णासाहेबांचं चरित्र 1904 मध्ये लिहिलं, ‘रंगभूमि’ मासिक चालवलं आणि ते स्वतः किर्लोस्कर मंडळीच्या कारभारात होते. माहितीची खाण आहे, पण खाण कुणाच्या मालकीची हे विसरायचं नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. भाऊराव कोल्हटकर फेब्रुवारी 1901 मध्ये गेले. हिंदुस्थानात ग्रामोफोन कंपनीची पहिली ध्वनिमुद्रणं झाली 1902 च्या शेवटी, कलकत्त्यात. अवघं दीड-पावणेदोन वर्षांचं अंतर. म्हणजे ‘भाऊरावांसारखं गाणं पुन्हा झालं नाही’ हे विधान तपासायला आपल्याकडे एक सेकंदाचाही आवाज नाही. बालगंधर्वांच्या मात्र भरपूर रेकॉर्ड आहेत. या लढतीत एका बाजूला नुसती स्मृती आणि दुसऱ्या बाजूला पुरावा असलेला आवाज. स्मृतीला कधी सूर लागायचा राहत नाही, तिचा आवाज कधी थकत नाही. जुन्या चाहत्यांची बाजू त्यामुळे नेहमी जरा वरचढ वाटते, आणि तिचं खंडनही करता येत नाही.

रेकॉर्डवरही डोळे झाकून भरवसा नको. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू साधारण तीन-साडेतीन मिनिटांची. रंगमंचावर तेच पद वन्समोअर घेत घेत कितीतरी लांबायचं, रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत जायचं. तेव्हाच्या टीकाकारांचा एक मोठा आक्षेपच हा होता की गाणं नाटकाला गिळतंय. हा आक्षेप तबकडीवर ऐकू येणारच नाही! आज आपण ज्यांना ‘बालगंधर्वांचे चाहते’ म्हणतो ते बहुतेक तबकडीचे चाहते आहेत. 1916 मध्ये थिएटरात बसलेला माणूस वेगळीच वस्तू ऐकत होता: शालू, दागिने, अत्तर, ऑर्गन, सारंगीवर कादरबक्ष, पुढच्या काळात तबल्यावर थिरकवाँ, आणि या सगळ्यात मिसळलेला तो आवाज. त्यातलं नेमकं काय बदललं म्हणून कोण रुसलं, हे ‘संगीतशैली’ या एका शब्दात कोंबता येत नाही. मंडळीच्या अखेरच्या वर्षांत गोहरबाई कर्नाटकी आल्यावर जी नाराजी झाली, तिच्यात गाण्याचा वाटा किती आणि एक बाई, तीही मुसलमान, बालगंधर्वांच्या जागी उभी राहिली याचा वाटा किती? हा प्रश्न टाळून त्या काळाची ‘संगीतसमीक्षा’ लिहिली गेली आहे. मला तो टाळणं प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

एक सावधगिरीची सूचनाही इथेच देते. बालगंधर्वांचे चाहते विरुद्ध केशवराव भोसल्यांचे चाहते, हा वाद वेगळा. टिळक स्वराज्य फंडासाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं, बालगंधर्व भामिनी आणि केशवराव धैर्यधर. त्याच्या कथा फार रंगतदार आहेत, आणि तीन महिन्यांच्या आत केशवराव गेले म्हणून त्या आणखी हळव्या झाल्या. पण तो दोन मंडळ्यांमधला सामना होता. एकाच मंडळीच्या बदलत्या बाजाबद्दल लिहिताना हे किस्से पुरावा म्हणून आणले की विषय घसरतो. शीर्षकात लिहिलेला प्रश्न कोणता, हे प्रत्येक प्रकरणाच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा.

आता वऱ्हाडाकडे येऊ, कारण माझा स्वतःचा अंदाज इथून निघतो.

वाशिमचं नाव इंग्रजी कागदांत ‘बासिम’ असं सापडेल. 1905 पर्यंत हा स्वतंत्र जिल्हा होता, मग तो अकोल्यात विलीन झाला, आणि 1 जुलै 1998 ला पुन्हा वेगळा झाला. ग्रंथालयात ‘वाशिम जिल्हा’ शोधून काही मिळालं नाही म्हणून परत फिरू नका. 1905 ते 1998 मधलं सगळं अकोल्याच्या नावाखाली आहे. 1910 चं अकोला गॅझेटियर उघडा. कापूस, महसूल, जत्रा, रस्ते सगळं मिळेल. लोक काय गुणगुणत होते ते त्यात नसतं. त्यासाठी अकोल्याचं ‘वऱ्हाड समाचार’सारखी पत्रं, जाहिराती, ग्रंथालयांच्या जुन्या दाखल-नोंदवह्या आणि घरांतल्या पत्र्याच्या पेट्या धुंडाळाव्या लागतात.

मोठी नाटक मंडळी म्हणजे पन्नास-शंभर माणसं, पडदे, पेटारे, आचारी. हे लटांबर रेल्वेनं फिरणार. अमरावती, अकोला, खामगाव ही कापसाच्या पैशाची गावं, तिथे मुक्काम पडायचे. मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी नॅरोगेज विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाली आणि कारंजा तिच्यावर आलं. (हीच पुढे ‘शकुंतला’ म्हणून प्रसिद्ध झालेली गाडी. किर्लोस्करांच्या शाकुंतलाशी तिचा काही संबंध नाही, उगाच जोडू नका.) वाशिम गावात मात्र रेल्वे आली ती स्वातंत्र्यानंतर. म्हणजे मालेगाव, रिसोड, मंगरूळपीरच्या माणसाला मोठ्या मंडळीचा खेळ पाहायचा तर बैलगाडी जुंपून अकोल्याला किंवा कारंज्याच्या गाडीला जायचं. असा माणूस वर्षातून कितीदा जाणार?

यावरून मी मांडते ते असं. पुण्या-मुंबईच्या रसिकानं मंडळीचा बदल थोडा थोडा पाहिला, प्रत्येक नव्या नाटकाला. आमच्याकडच्या माणसाला तो उड्या-उड्यांनी दिसला असणार. एकदा ‘सौभद्र’, मग सात-आठ वर्षांनी एकदम ‘स्वयंवर’. मधल्या काळात त्याच्याकडे होती ती पदांची पुस्तिका, गावातल्या हौशी मंडळाचा गणेशोत्सवातला प्रयोग, आणि ज्याच्या घरी फोनो त्याच्या ओसरीवरची गर्दी. त्यामुळे वऱ्हाडात ‘जुने’ आणि ‘नवे’ श्रोते वयानं वेगळे नसून, कुणापर्यंत गाणं कोणत्या वाटेनं पोचलं यानं वेगळे झाले असतील. बाप आणि मुलगा एका बाजूला, शेजारचं रेल्वेच्या गावात व्यापार असलेलं घर दुसऱ्या बाजूला. हा अंदाज आहे. तो सिद्ध व्हायचा तर दौऱ्यांच्या तारखा जाहिरातींतून जुळवाव्या लागतील, आणि स्थानिक हौशी मंडळांनी कोणती नाटकं कोणत्या साली केली याची यादी करावी लागेल. ती नाटकं प्रामुख्यानं किर्लोस्कर-देवलांची निघाली तर माझं म्हणणं थोडं बळकट होईल. पण तिथेही पाचर आहे: हौशी गायकाला ‘स्वयंवर’ पेलत नाही म्हणून ‘सौभद्र’ निवडलं असेल, तर ती आवड म्हणायची की कुवत?

मुलाखतींचं काय, हेही विचारलं जातं. 1916 चा श्रोता आता भेटणार नाही. नव्वदीतल्या आजी-आजोबांनी ऐकलंय ते रेडिओवरचं नाट्यसंगीत, आणि वडिलांच्या तोंडची ‘आमच्या वेळचं गाणं’ ही तक्रार. ती तक्रार 1916 चा पुरावा म्हणून वापरायची नाही. पण तक्रार कशी वारशानं येते याचा पुरावा म्हणून ती सोन्यासारखी आहे. ज्यानं भाऊरावांना ऐकलेलं नाही, ज्याच्या बापानंही ऐकलेलं नाही, तो माणूस भाऊरावांची बाजू कशी काय घेतो? मुलाखतीत ‘तुम्हाला काय आवडायचं’ हे विचारण्याआधी ‘ते तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलं, कुणाच्या घरी, कशावर’ हे विचारा. उत्तरं पूर्ण बदलतात.

ही साखळी अजून तुटलेली नाही. 15 जुलै 1967 ला बालगंधर्व गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगमंचावर आलं. नाटक नागपूरच्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, आणि खाँसाहेब झाले वसंतराव देशपांडे, ज्यांचा जन्म मूर्तिजापूरचा, कारंज्याच्या त्याच गाडीच्या तोंडाशी. अभिषेकींनी पदं आटोपशीर केली, उसन्या चालींऐवजी स्वतःच्या बांधल्या. बालगंधर्वी कानाच्या लोकांना ते सगळंच रुचलं असं नाही. मग 2015 मध्ये त्याच नाटकाचा चित्रपट आला, अभिषेकींच्या पदांना शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या गाण्यांची जोड. आणि 1967 मध्ये ‘नवं’ असलेलं अभिषेकींचं गाणं या वेळी ‘अस्सल जुनं’ म्हणून मिरवलं गेलं. हा वाद वर्तमानपत्रांत, व्हिडिओखालच्या शेऱ्यांत, व्हॉट्सअ‍ॅपवर तारखेसकट नोंदलेला आहे; 1896 च्या श्रोत्याबद्दल जे कधीच मिळणार नाही ते इथे ढिगानं मिळतं. कुणाला या विषयावर एमएचा छोटा प्रबंध करायचा असेल तर इथूनच सुरुवात करा. स्क्रीनशॉट घेताना तारीख दिसेल असे घ्या, आणि लोकांची नावं झाकायला विसरू नका.